पटले तर ठेवायचे साउंड कार्ड

संगणकाच्या पोटात, पंख्याच्या खाली, एक काळी पट्टी आडवी बसलेली दिसते ना मित्रांनो, ती मी. लोक मला साउंड कार्ड म्हणतात. वय झाले आहे माझे, पण देवाच्या दयेने आवाज अजून खणखणीत आहे. आता खरे सांगायचे तर तो आवाज माझा नव्हेच. खेळातला वाघ डरकाळी फोडतो, शत्रू दबक्या पावलांनी येतो, आणि मी त्यांचा निरोप कानांपर्यंत नेऊन पोचवते. निरोप्याने निरोपात पदरचे काही घालू नये आणि त्यातले काही गाळू नये, एवढाच माझा धर्म.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेल्या कथलाचे थेंब देऊन माझे बारीक बारीक भाग पट्टीवर बसवले गेले. पहिला मालक खेळांचा वेडा होता. मित्रांना बोलावून, पडदे ओढून तो माझा आवाज ऐकवायचा आणि ते माना डोलवायचे. मग त्याने नवा संगणक घेतला. त्यात आवाजाची सोय आधीपासूनच होती, आणि चांगली होती. माझे काम संपले. त्याचा मी कधी राग धरला नाही. स्क्रू आणि तुटक्या वायरींच्या खणात बरेच दिवस धूळ खाऊन शेवटी मी जुन्या सामानाच्या दुकानात आले.

तिथे एका दुपारी नणंद-भावजय आल्या. भावजयीच्या कडेवर गुबगुबीत लेक होती आणि तिच्या मुठीत आईचे केस. या दोघी घरी शेजारी शेजारी बसून, दोन संगणकांवर एकाच खेळात जोडीने लढायच्या. गावातल्या जोड्यांच्या स्पर्धेत दोघींना उतरायचे होते. पण बाळ झाल्यापासून वहिनीचे काहीतरी बिनसले होते. शत्रूची पावले वाजली की ती नेमकी भलतीकडे वळायची आणि जोडी हरायची. घरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच गोष्ट, आई झाली की लक्ष ठिकाणावर राहत नाही. नवऱ्याने तर कानाच्या डॉक्टरांचे नावही काढून ठेवले होते. नणंदेच्या मनात स्पर्धेसाठी मैत्रिणीला घ्यायचे घोळत होते. पण वहिनीला ते सांगायला जीभ रेटत नव्हती. शेवटचा उपाय म्हणून त्या माझ्याकडे आल्या होत्या.

नणंदेने दुकानवाल्या काकांना सरळच विचारले, हे घेण्यात राम आहे का?

काका चष्मा पुसत म्हणाले, "ते मी कसं सांगू? कान तुमचे. घरी लावून बघा. पटलं तर ठेवा, नाही पटलं तर आणून द्या. फक्त खाली पाडू नका, आधीच म्हातारं आहे."

अशी मी त्यांच्या घरी, पटले तर ठेवायच्या बोलीवर गेले. वहिनीच्या संगणकात बारीक गुणगुण होती, ती मी येताच थांबली. वहिनी हरखली. पण खेळ सुरू झाला, उजवीकडून पावले वाजली, मी ती इमानाने उजवीकडे पोचवली, आणि वहिनी डावीकडे वळली.

मग नणंदेने माझी परीक्षा लावली. एकदा या बाजूला घंटी, एकदा त्या बाजूला. वहिनीने माइकवाला हेडफोन घालून डोळे मिटायचे आणि ज्या बाजूला वाजेल तो हात वर करायचा. मी डावीकडे घंटी वाजवली, तिने उजवा हात वर केला. डाव्या हातावर लेक होती म्हणून म्हणावे, तर उजवीकडच्या घंटीला तिने लेकीसकट डावा खांदा उचलला.

"कार्डच उलटं आहे," नणंद म्हणाली. "देऊ परत."

मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा माझ्यावर खोटेपणाचा आळ आला. मला तर बोलताही येत नाही. नणंदेने हेडफोन आपल्या कानांवर चढवला. घंट्या जागच्या जागी वाजल्या.

वहिनीचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "म्हणजे माझेच कान गेले."

नणंदेने हेडफोन वहिनीच्या डोक्यावर ठेवला. वहिनीने सवयीने तो काढला, फिरवला आणि पुन्हा घातला.

"थांब. हे काय केलंस?"

"काय केलं? माइकची दांडी डावीकडे असली की ही बया ती ओढते, म्हणून मी उलटा..."

बोलता बोलता वहिनीने हेडफोन काढून त्यावरच्या डाव्या-उजव्या खुणा पाहिल्या. मग नणंद खुर्चीवरून खाली घसरेपर्यंत हसली. वहिनीही हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. आणि लेक? दांडीकडे हात नाचवत होती.

आता तुम्ही म्हणाल, हेडफोन सुलटा घातला की झाले, कार्ड हवे कशाला? त्यांनीही तेच ठरवले. पण सुलटा घालून खेळायला बसल्या तेव्हा लेकीने दांडी ओढून तोंडात घातली आणि चोखू लागली. उजव्या हातात माउस, तेव्हा लेकीला दुसरीकडे घेणेही जमेना. मला काढायच्या आधी नणंदेने सहज पडद्यावर माझ्या सगळ्या सोयी उघडून पाहिल्या. तळाशी एक लहानसा चौकोन होता, डावे-उजवे अदलाबदल. आजवर कोणी त्याला बोट लावले नव्हते. तिने त्यावर टिचकी मारली.

"वहिनी, घाल उलटा. आणि घे तिला खुशाल."

मी राहिले. स्पर्धेत नणंदेने जोडीदार म्हणून वहिनीचेच नाव दिले. तिसऱ्या फेरीत दोघी हरल्या, आणि ती चूक नणंदेची होती, असे ती स्वतःच सगळ्यांना सांगत फिरली.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू घ्याल तेव्हा आधी आपली अडचण नीट पाहा. कदाचित मी लागणारही नाही. घेतलीत तर अधूनमधून मऊ ब्रशाने धूळ झाडा. आणि घरातल्या कोणाला ऐकू येत नाही, कळत नाही असे ठरवण्याआधी, घटकाभर त्याच्या शेजारी बसा.

आजही वहिनी खेळता खेळता हळूच म्हणते, "मागे, उजवीकडे." आणि नणंद तिच्याकडे न पाहता, न विचारता, उजवीकडे वळते.