आवक क्रमांक चारशे बारा

"रायन, ही तुझीच वही?"

"हो मॅडम."

"मग या कागदावर 'बाष्पीभवन' लिहून दाखव."

रायन हसला. समोरची बाई हसत नाही असं पाहून त्यानं पेन घेतलं आणि पावतीच्या पाठीवर शब्द उमटवला. तो शब्द पावसात चिरडलेल्या झुरळासारखा दिसत होता. वहीतला 'बाष्पीभवन' मात्र नाकासमोर पाहून चालणाऱ्या मुलीसारखा रेघेवर सरळ उभा होता.

"घाईत अक्षर बिघडतं, मॅडम."

"घाईत बिघडतं, ते मला ठाऊक आहे. घाईत सुधारलेलं आज पहिल्यांदा बघते," फ्लॉसीबाई म्हणाल्या आणि त्यानं आणलेल्या सहाही जणांच्या वह्यांवर शिक्का मारून त्यांनी त्या परत दिल्या. त्या आठवड्याच्या पानांची झेरॉक्स मात्र आधीच त्यांच्या ड्रॉवरमध्ये जाऊन पडली होती.

फ्लॉसी तुस्कानो माणिकपूरच्या एका बीएड कॉलेजात ज्येष्ठ लिपिक होत्या. खाली साड्यांचं दुकान, मधे दातांचा दवाखाना आणि तिसऱ्या मजल्यावर उद्याचे शिक्षक. दुसऱ्या वर्षी या उद्याच्या शिक्षकांना सोळा आठवडे खऱ्याखुऱ्या शाळेत जाऊन पाठ घ्यावे लागत. आठवड्यातल्या प्रत्येक पाठाचं टाचण आधीच वहीत लिहायचं, दर सोमवारी ऑफिसातून शिक्का घ्यायचा. पाठाच्या वेळी बरोबरच्या दोन विद्यार्थ्यांनी निरीक्षक म्हणून मागच्या बाकावर बसायचं आणि 'पाठ झाला' म्हणून सही करायची. शेवटी फायलीवर फ्लॉसीबाईंनी 'तपासले' असं लिहायचं. ते लिहिलं की प्राचार्यांची सही, आणि मग पदवी.

एकतीस वर्षं हे 'तपासले' लिहून त्यांची नजर अशी तयार झाली होती की माणसापेक्षा त्याचा कागद त्यांना आधी ओळखू येई. नवरा टोनी म्हणायचा, "देवदूत दारात आला तरी त्याच्याकडे ओळखपत्र मागशील."

"मागीन. आणि झेरॉक्सवर सही घेईन."

फॉर्म भरल्यावर एकदम परीक्षेलाच उगवणारे विद्यार्थी कॉलेजात असतात, हे त्यांना माहीत नव्हतं अशातला भाग नाही. प्राचार्य त्यांना 'आपले नोकरीवाले' म्हणत. फ्लॉसीबाईंनी त्यावर कधी तोंड उघडलं नव्हतं. कागद पूर्ण असला की त्यांचं काम संपलं. पण सहा वह्या आणि एकच अक्षर, हा त्यांना आपल्या डोळ्यांचा अपमान वाटला. फसवायचं तर माणसानं निदान मेहनत घेऊन फसवावं.

सहाही जणांना आगाशीची एकच शाळा मिळाली होती. पाच नोकरीवाले, त्यांत रायन अंधेरीला एका कंपनीत आणि आर्या बोरिवलीला बँकेत. सहावी मनोरमा राऊत. वय एक्केचाळीस, आगाशीचीच, वाडीवाल्या घरातली सून. प्रवेशाच्या फॉर्मशी ताडून पाहिलं, अक्षर तिचं होतं. फ्लॉसीबाईंनी मनात हिशेब मांडला: बाईनं घरबसल्या वह्या लिहून द्यायचं दुकान काढलंय, पाठबीठ कोणीच घेत नाही, ती स्वतःसुद्धा.

गुरुवारी अर्धी रजा टाकून त्या विरारहून आगाशीच्या बसमध्ये बसल्या. कॉलेजचा लिपिक शाळेत जाऊन पाठ तपासतो, असं आजवर कधी झालं नव्हतं. म्हणूनच कोणी सावध नसणार, असा त्यांचा होरा होता.

शाळेच्या व्हरांड्यात त्या आठवीच्या खिडकीशी, खांबाच्या आडोशाला थांबल्या. आत मनोरमा होती. फिकट निळी सुती साडी, पदर खोचलेला, हातात तळाला मीठ जमलेली स्टीलची ताटली.

"काल हिच्यात काय होतं?"

"पानी," अर्धा वर्ग ओरडला.

"मग गेलं कुठं?"

"उन्हानं खाल्लं," मिठागरावरचा एक पोरगा म्हणाला.

"बरं. मग त्यानं मीठ का नाही खाल्लं?"

वर्ग विचारात पडला. मागून एक मुलगी म्हणाली, "खारट लागलं आसंल." सगळे हसले, मनोरमाही हसली, आणि त्याच हसण्याला धरून तिनं पोरांना असं काही पुढं नेलं की पाच मिनिटांत तोच पोरगा फळ्यापाशी उभा राहून मिठागराची चित्रं काढत होता आणि वर्ग त्याच्या चुका काढत होता.

फ्लॉसीबाईंनी झेरॉक्स काढली. तारीख आजची, तिसरा तास, आठवी, बाष्पीभवन. ताटलीसुद्धा टाचणात होती. नाव मात्र रायनचं.

घंटा झाली. मनोरमानं टेबलावरच्या ढिगात ती वही खाली घातली, दुसरी वर काढली आणि शेजारच्या वर्गात गेली. फ्लॉसीबाई एक खांब पुढे सरकल्या. चौथा तास, सातवी, आर्या. पाठ पुन्हा टाचणाबरहुकूम, आणि टाचणापेक्षा कितीतरी चांगला.

मधल्या सुट्टीत त्यांनी मनोरमाला गाठलं. ती दचकली, पण पळाली नाही. डबा उघडून तिनं भाजीचा खण त्यांच्यापुढे केला.

"एका वहीचे किती घेतेस?" फ्लॉसीबाईंनी विचारलं.

"कशाचे?"

"लिहून द्यायचे."

"टाचण लिहिल्याशिवाय वर्गात कशी जाऊ, मॅडम?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शाळेचे तीन शिक्षक मतदार याद्यांच्या कामाला गेलेले, एक बाळंतपणाच्या रजेवर. कॉलेजकडून सहा जण येणार म्हणून मुख्याध्यापिकांनी त्या भरवशावर वेळापत्रक लावलं. पहिल्या दिवशी आली एकटी मनोरमा.

"आठवी मोकळी, सातवी मोकळी. पोरं खिडकीतनं खाली उड्या मारत होती. मग गेले मी वर्गात."

"ते ठीक. पण दुसऱ्याच्या नावानं?"

"तास त्यांच्या नावावर होता ना. शिवाय दिवसाला दोनच पाठ धरतात एकाचे. माझे दोन होऊन गेलेले. तिसरा माझ्या वहीत लिहिला असता तर ते खोटं झालं असतं."

फ्लॉसीबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती.

"आणि तुला काय मिळालं?"

"रायननं नाताळात केक आणून दिला. आर्या मेसेज टाकते, थँक्यू मॅडम म्हणून."

"बस?"

"केक चांगला होता."

ज्याच्यात खोट सापडत नाही तो माणूस फ्लॉसीबाईंना सगळ्यांत संशयास्पद वाटे. त्या खोदत राहिल्या. मनोरमा नालासोपाऱ्याच्या एका विनाअनुदानित शाळेत सोळा वर्षं शिकवत होती, बीएड नसताना. आता शाळेनं बजावलं होतं की जूनपर्यंत पदवी आणा, नाहीतर जागा रिकामी करा. चार महिने बिनपगारी रजा काढून ती इथं आली होती, सोळा वर्षं केलेलं काम करता येतं हे सिद्ध करायला.

"तुझ्या पाठांना मागे कोण बसलं?"

मनोरमानं डब्याचं झाकण लावलं. "कोण बसणार? सह्या रायन-आर्याच्या आहेत. त्यांनी घरीच सगळ्या एकदम करून दिल्या."

म्हणजे जी खरी होती तिच्याही फायलीत खोट होतीच. फ्लॉसीबाईंना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं. उठताना त्या म्हणाल्या, "हे जसं घडलं तसं मला लिहून दे. बाकीच्यांचं काय व्हायचं ते होईल, तुझे पाठ तरी खरे धरता येतील. मी बघते."

"लिहून दिलं तर अडकेन ना मी?"

"खरं लिहिणारा अडकत नाही."

एकतीस वर्षं ऑफिसात काढलेल्या बाईच्या तोंडून हे वाक्य कसं निघालं, ते तिचं तिला ठाऊक. मिठाच्या ताटलीचा परिणाम असावा.

सोमवारी मनोरमा काउंटरवर आली. दीड पानाचं निवेदन, तेच सरळ अक्षर. फ्लॉसीबाई फोनवर होत्या. कागद काउंटरच्या या बाजूला आला, तसा त्यांचा उजवा हात आपोआप शिक्क्याकडे गेला. ठप्प. आवक क्रमांक चारशे बारा. रजिस्टरात तारीख, नाव, विषय: 'पाठांबाबत निवेदन'. हे सारं दुसऱ्या कानाला रिसीव्हर असताना झालं. कागद आला की आधी नंबर, मग वाचन; हा नियम त्यांनीच ऑफिसात लावला होता, म्हणजे कोणाचा अर्ज कोणी खिशात घालू नये.

फोन ठेवून त्यांनी वाचलं. कुठे रडगाणं नव्हतं. 'नाइलाजाने' हा शब्दही नव्हता. निरीक्षकांच्या सह्या प्रत्यक्ष पाठ न बघता झाल्या, हे तिनं आपल्या पाठांबद्दलच सगळ्यांत आधी लिहिलं होतं.

प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं.

"याचा अर्थ पाचही जणांचे पाठ रद्द, सर," फ्लॉसीबाई म्हणाल्या.

"असं ही म्हणते. त्यांनी कुठं लिहून दिलंय?"

"अक्षर बघा ना वह्यांमधलं."

"वह्यांमध्ये शाळेची सही आहे, निरीक्षकांच्या सह्या आहेत, तुमचे शिक्के आहेत. टाचणं तर इतकी उत्तम, की मी ती नमुना म्हणून ठेवणार होतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "फाइल अपूर्ण आहे ती एकटीची. आपल्या पाठांना निरीक्षक नव्हते, असं तिनंच सहीनिशी कबूल केलंय. आता मी काय करू, तुम्हीच सांगा."

फ्लॉसीबाईंनी सांगितलं. सांगताना आपला आवाज त्यांना परका वाटला. "हा कागद आलाच नाही असं समजू. मी तिला परत देते."

प्राचार्यांनी कागदाचा कोपरा बोटानं त्यांच्याकडे वळवला. निळा शिक्का अजून ताजा दिसत होता.

"नंबर दिलाय तुम्ही. तपासणीची कमिटी आली की आधी आवक रजिस्टर मागते. चारशे अकरा आहे, चारशे तेरा आहे, मग बारा कुठंय? फ्लॉसी मॅडम, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

त्यांनी निवेदन आपल्या कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली.

पाच वाजता सगळे गेल्यावर फ्लॉसीबाईंनी रजिस्टर उघडलं. एकतीस वर्षांत त्यात खाडाखोड नव्हती. पान फाडता आलं असतं. पण मग त्या पानावरचे आणखी सतरा जण फाटले असते. त्यांनी त्यातल्या एकेकाचं नाव वाचलं. कोणाचा जातीचा दाखला, कोणाचा फेरतपासणीचा अर्ज. त्यांनी रजिस्टर मिटलं.

फायली सह्यांना आल्या तेव्हा पाच जणांपुढच्या 'तपासले'च्या रकान्यात त्यांनी काही लिहिलं नाही. आयुष्यातलं पहिलं बंड. दुसऱ्या दिवशी तिथं ज्युनिअर क्लार्कची आद्याक्षरं होती, आणि ती अगदी सुबक होती.

मे महिन्यात निकाल लागला. पाचही जण पास, आर्या पहिल्या श्रेणीत. मनोरमापुढे 'इंटर्नशिप अपूर्ण'. जूनमध्ये नालासोपाऱ्याच्या शाळेनं तिला मोकळं केलं आणि त्या जागेसाठी बीएड झालेला उमेदवार मागवला. आर्या बँकेला कंटाळलीच होती, तिनं अर्ज टाकला. ती जागा मनोरमाची, हे तिला नेमणूक झाल्यावर कळलं म्हणे. 'म्हणे' हा शब्द फ्लॉसीबाईंचा.

जुलैत फेरनोंदणीचे फॉर्म आले. विद्यार्थ्याला फोन करून बोलवायची पद्धत होती. फ्लॉसीबाई फॉर्म पिशवीत घालून निघाल्या.

"आता पोस्टमनकी पण करणार?" टोनी म्हणाला.

"रजिस्टर पत्र आहे. सही लागते."

बसमध्ये त्यांनी मनोरमाच्या शिव्यांची तयारी केली. ती काय म्हणेल याची यादी केली आणि प्रत्येकाला उत्तर जुळवलं. 'तुम्हीच लिहून द्यायला लावलंत' याला मात्र उत्तर सापडेना. शेवटी त्यांनी ठरवलं, की तसं म्हणाली तर गप्प बसायचं. ती म्हणणारच. सोळा वर्षांची नोकरी गेल्यावर कोण म्हणणार नाही? आणि म्हणाली नाही, तर तिच्या मनात काहीतरी नक्कीच शिजत असणार.

वाडीतल्या घराचं दार उघडंच होतं. ओल्या मातीवरून चालताना चपलांचा आवाज झाला नाही. मनोरमा ओटीवर पाठमोरी बसून केळीच्या पानांचे गठ्ठे बांधत होती. फोन सुपाला टेकवून ठेवला होता, आणि त्यातून आर्याचा रडवेला आवाज येत होता.

"मॅडम, उद्या पुन्हा सातवीला अपूर्णांक. कोणी ऐकतच नाही माझं. एक जण तर बाकाखाली जाऊन बसतो."

"तिसऱ्या रांगेतला ना? संकेत. त्याला बाहेर ओढू नकोस. त्याच्या हातात खडू दे आणि म्हण, याचे दोन सारखे तुकडे करून दे. त्याला मोडायला आवडतं."

"मग?"

"मग वर्गाला विचार, सारखे झाले का. भांडतील. भांडू दे. दोन मिनिटं तू काही बोलू नकोस. तोवर फळ्यावर एकही अक्षर लिहायचं नाही."

"थांबा मॅडम, लिहून घेते. सारखे... झाले... का..."

"सावकाश लिही. मी थांबते."

मनोरमानं पानं मोजून कडेला ठेवली आणि सुंभाची गाठ दातांनी आवळली. तिची मान किंचित कललेली होती. पलीकडचं लिहून होण्याची ती वाट पाहत होती. फ्लॉसीबाईंनी त्या अर्ध्या चेहऱ्यावर राग शोधला, कडवटपणा शोधला, निदान आपण फार थोर आहोत असा भाव तरी शोधला. सवयच ती.

"झालं लिहून, मॅडम."

"आता दोनाचे चार."

फ्लॉसीबाईंनी पायरीशी चपला काढल्या, पिशवी छातीशी धरली आणि त्या दाराबाहेरच उभ्या राहिल्या. तास चालू होता.