मागं चाललेलं काम

रविवारी जयसिंगांचा पहिला स्मृतिदिन होता, आणि त्यांचा आवाज अजून कॉम्प्युटरमध्येच अडकला होता. कस्तुराबाई सकाळचा चहा मुलाच्या टेबलावर ठेवताना रोज एकदाच विचारायच्या, झालं का म्हणून. संघर्ष पडद्यावरची नजर न काढता म्हणायचा, मागं चालू आहे, आई.

घशाच्या ऑपरेशननंतर जयसिंग शेवटची दोन वर्षं पाटीवर लिहून बोलत. त्या पाटीची इतकी सवय झाली, की ते गेल्यावर एके दिवशी भाजी निवडताना कस्तुराबाईंच्या लक्षात आलं, यांचा आवाज कसा होता तेच आपल्याला आठवत नाही. चालणं आठवे, खोकला आठवे, आवाज नाही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. फक्त ट्रंकेतून एक कॅसेट काढून मुलाला दिली. मुलीच्या, आम्रपालीच्या नामकरणाला शेजारच्या धम्मरत्ननं टेप आणला होता, तेव्हा भरलेली. पण तिच्यात खरखरच इतकी, की कुणीतरी पुरुष बोलतोय एवढंच कळे.

संघर्ष चाकणच्या कारखान्यांसाठी प्लॅस्टिकच्या भागांचे साचे घरूनच डिझाइन करायचा. त्याची आकडेमोड मशीनला रात्ररात्र पुरायची. खरखर काढायचं कामही तसंच जड, म्हणून ते त्यानं सगळ्यात खालच्या नंबरावर लावलं. आईला समजावलं, की मशीन एका क्षणाला थोड्याच कामांना हात घालतं. महत्त्वाचं काम आलं की बाकीची बाजूला सरतात, आणि उरलेल्या फटीत मागची कामं चिमूटभर पुढं सरकतात.

कस्तुराबाईंना ते लगेच समजलं. थेरगावच्या चाळीत एकच नळ होता. ज्याच्या माणसाची पहिली शिफ्ट, त्याचा हंडा आधी. घरी बसणारीनं अर्धी भरलेली कळशीसुद्धा उचलून मागं व्हायचं. पण चाळीतली शालनबाई तिथं असली की तिचं लक्ष असायचं. म्हणायची, ही कवाची उभी हाय, हिला भरू द्या आता. मशीनमध्ये अशी शालनबाई असते का, असं त्यांनी विचारलं. संघर्ष हसला. असते म्हणाला, फार वेळ ताटकळलेल्या कामाचा नंबर थोडा वर चढवायची सोय असते, नाहीतर ते उपाशी मरेल. पण आपल्या मशीनवर ती जरा झोपाळूच आहे.

दुपारी तो चाकणला जायचा. जाताना मशीन मुद्दाम चालू ठेवायचा, कारण तेवढाच वेळ ते मोकळं असे आणि मागचं काम खरं तेव्हाच पळे. परत आल्यावर मात्र ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. लाइट गेली असेल, असं त्याला वाटे.

शनिवारी तो लवकर परतला, तेव्हा आईचा हात भिंतीवरच्या बटणावर होता. पडदा काळा होता, पंखा थांबत होता.

"तू रोज बंद करतेस?" त्यानं विचारलं.

"कुणी काम करत नव्हतं ना त्याच्यावर. माणूस नसताना मशीन चालू ठेवायचं नाही, तुझ्या बाबांनी पहिल्यापासून घालून दिलंय. कंपनीत प्रेसवर लोकांची बोटं गेलेली बघितलीत त्यांनी."

संघर्ष खुर्चीत बसला. रागावला नाही; रागवायचं त्राणही त्याच्यात दिसत नव्हतं. त्यानं सांगितलं, की कुणी नसतं तेव्हाच तर तुझं काम चालतं. कस्तुराबाईंनी बटणावरचा हात काढून घेतला. म्हणजे आठवडाभर त्यांनीच आपल्या हातानं जयसिंगांना गप्प केलं होतं.

"उद्यापर्यंत होईल?"

"संध्याकाळी साच्याची फाइल पाठवायची आहे, तिची आकडेमोड अजून बाकी आहे. दोन्ही लावतो. रात्रीतून होईल बहुतेक."

तसले 'बहुतेक' कस्तुराबाईंनी आयुष्यभर ऐकले होते. कंपनीचं आधी, पोरांचं आधी, पाहुण्यांचं आधी. दरवेळी त्या असू दे म्हणत आल्या होत्या. आताही तेच तोंडावर आलं होतं.

"माझं आधी लाव," त्या म्हणाल्या.

संघर्षनं वळून पाहिलं. मग चाकणला फोन करून सांगितलं, फाइल सोमवारी मिळेल. पलीकडून बरंच काही ऐकून घेतलं. फोन ठेवून त्यानं साच्याचं काम थांबवलं आणि कॅसेटचं एकटंच सुरू केलं.

उन्हं कलली तेव्हा त्यानं हाक मारली. बाळाचं रडणं आलं, भांडी वाजली आणि मग एक आवाज. कस्तुराबाईंना वाटलं होतं त्यापेक्षा बारीक, जवळजवळ पोरसवदा.

"अगं, ते पातेलं दारातनं उचल आधी. कुणीतरी पडंल."

संघर्षनं आईकडे पाहिलं. कस्तुराबाईंनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. मग पदरानं चेहरा पुसत उठल्या.

"हेच," त्या म्हणाल्या. "आता तुझं चालू कर."