वाढीव पाटे

दादासोला गाडी बघायला जायचंच नव्हतं. गुडघा दुखतोय म्हणून झालं, ऊन फार आहे म्हणून झालं, शेवटी "मला आता गाडीतलं काय कळतंय?" असंही म्हणून झालं. त्यावर सून दीक्षा नुसती हसली. हसणार नाही तर काय! कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं गाड्यांचे पाटे, म्हणजे चाकांवर ओझं पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, बसवलेला माणूस तो. कोडोलीत कुणाला पिकअप घ्यायची झाली, की आधी दादासोला मोटरसायकलवर मागं घालून न्यायचे. हा बाबा बॉनेट उघडायचा नाही, की रंगाकडं बघायचा नाही. सरळ पोतं अंथरून गाडीखाली आडवा. पाच मिनिटांनी बाहेर येऊन "घे" नाहीतर "सोड" म्हणाला, की विषय संपला.

पण दोन वर्षं झाली, तो एकाही गाडीखाली शिरला नव्हता.

"मामा, तुम्ही आला न्हाईसा तर मी एकटी जाईन," दीक्षा म्हणाली. "मग मला कुणी फसवलं तर बोलायचं न्हाय."

निघाला बिचारा.

दीक्षाचं कारण खरं होतं. गावातल्या सात-आठ बायका मिळून ऊसरोपं तयार करत होत्या. ट्रेमध्ये रोपं वाढवायची आणि शेतकऱ्यांच्या बांधावर पोचवायची. पण भाड्याची गाडी कधी वेळेवर यायची नाही. गेल्या हंगामात बिद्रीकडची मोठी ऑर्डर तेवढ्यापायी हातची गेली, रोपं ट्रेमध्येच पिवळी पडली. तेव्हाच तिनं ठरवलं, आता गाडी स्वतःची आणि चालवायचीही स्वतः. लायसन काढलं. साडेतीन लाखांच्या आत जे बसेल ते घ्यायचं ठरलं. जाताना रोपं न्यायची, येताना कारखान्याचं मळीचं खत भरून आणायचं. हिशोब चोख.

दादासोची अडचण मात्र कुणाला सांगण्यासारखी नव्हती. रस्त्यावरून रिकामी पिकअप खडाड खडाड आपटत गेली, की त्याचे कान उभे राहायचे. जादा ओझ्यासाठी पाटे वाढवलेली गाडी रिकामी असली की अशीच आपटते. तो आवाज आला की हातातलं काम टाकून तो दारात यायचा, आणि दर वेळी त्याला स्टेअरिंगमागं थोरला पोरगा दिसायचा. तोच लांब मानेचा प्रसेनजीत, कोपर खिडकीबाहेर काढलेला. एकदा तर दादासोनं हात वर केला आणि गाडी थांबली. आत भलताच माणूस. "काय पावणं, कुठं जायचंय?" दादासो तसाच मागं वळला.

दुसऱ्या एखाद्यानं देवरुषी गाठला असता, लिंबू उतरून टाकलं असतं. पण दादासोच्या बापानं छप्पन साली धम्म घेतला तेव्हाच घरातले देवाचे टाक नदीत सोडले होते. तेव्हापासून भूतखेत, उतारा, अंगारा, सगळं बंद. मेलेला माणूस परत येत नसतो, हे दादासोनं स्वतः पोरांना शिकवलेलं. मग आता कोणत्या तोंडानं सांगणार, की येतो बाबा, रोज येतो?

प्रसेनजीत गेला तो पहाटेचा. फौंड्रीतलं कास्टिंग, चांगलं अडीच टन ओतीव लोखंड, भरून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीकडं निघाला होता. एका उतारावर गाडी थांबलीच नाही, ती पुलाच्या कठड्यावर गेली. पंचनाम्यात लिहिलं, चालकाला डुलकी लागली असावी. गावानं तेच उचललं. आणि घरात प्रसेनजीतच्या आईनं, पारूबाईनं, ते सुनेच्या माथी मारलं. का? तर आदल्या रात्री नातीला ताप होता आणि दीक्षानं नवऱ्याला दोनदा उठवून औषधाला पाठवलं होतं. "माझ्या लेकराला डोळा लावू दिला न्हाय हिनं," एवढंच पारूबाई म्हणाली. त्यानंतर दोन वर्षं तिनं सुनेला नावानं हाक मारली नाही. काही हवं असलं की "ए" म्हणायची.

दादासो हे ऐकत होता. ऐकून गप्प बसत होता.

हायवेच्या कडेला बाळासोचं जुन्या गाड्यांचं आवार होतं. बाळासो माणूस तसा बरा, पण तोंड एकदा सुटलं की आवरायचं नाही. "या या दादासो! जयभीम! किती वर्सांनी! मला वाटलं, तुम्ही आम्हाला इसरलासा!"

दीक्षा आल्या आल्या कामाला लागली. पहिली गाडी छोटी होती. तिनं ओढणीनं हौदा मापला आणि मान हलवली, "शंभर ट्रे बी बसायचे न्हाईत." दुसरी नवीकोरी, पण हप्ता ऐकून तिनं हात जोडले. तिसरी लांब हौद्याची, जरा जुनी, रंग उडालेली. तिच्याकडं बघून बाळासोच म्हणाला, "हिचा नाद सोडा, वहिनी. पाटं कंपनीचं हाईत. खत भरलं की मागनं बसंल. तुम्ही ही घ्या."

चौथी पांढरी गाडी सावलीत उभी होती. हौदा हवा तेवढा, टायर चांगले, किंमत तीन लाख तीस हजार.

"मागं पाटं वाढवल्यात," बाळासोनं हौद्यावर थाप मारली. "दोन टन वला माल भरा, इंचभर खाली बसली तर पैसं परत!"

दीक्षाचे डोळे चमकले. ती आत चढून बसली आणि पाय क्लचपर्यंत पोचेनात म्हणून हसायला लागली. "मामा, सीट किती मागं हाय बघा! कुणीतरी उंच मानूस चालवत हुता वाटतं."

दादासोनं गाडीभोवती एक चक्कर मारली. गाडी वेगळी होती, नंबर वेगळा होता, रंग वेगळा होता. ते त्याला डोळ्यांनी दिसत होतं. उंच माणसं काय जगात एकच असतात? त्यानं स्वतःला चांगलं दटावलं. मग सवयीनं पोतं मागितलं आणि गाडीखाली आडवा झाला.

खाली थंडगार होतं. पाट्यांवर नुकताच काळा रंग मारला होता. वरून तिसरा आणि चौथा पाटा जास्तीचा, हे त्यानं बोटांनीच ओळखलं. बेंड बघून तर त्याला आपल्याच हातोडीची ओळख पटली. त्यात नवल नव्हतं. निम्म्या कोल्हापुरात त्याच्या हातचे पाटे धावत होते, आणि प्रत्येकाच्या टोकाला तो पंचनं तीन ठिपके मारायचा. त्यानं किल्लीनं टोकाचा रंग खरवडला. एक ठिपका. दोन. तीन. आणि त्यांच्यापुढं वेडंवाकडं अक्षर. प्र.

ते अक्षर त्यानं आयुष्यात एकाच गाडीवर घातलं होतं. पोरानं पहिली गाडी घेतली म्हणून, कौतुकानं.

तेवढ्यात वरचे पाटे करकरले. गाडी खाली आली, त्याच्या छातीकडं, चांगली दोन बोटं. कुणीतरी हौद्यात चढून बसावं तशी. एका माणसाच्या वजनानं हलणारे ते पाटेच नव्हेत. हे दादासोइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यानंच घडवले होते की ते.

"कोण बसलंय वर?" तो खालून ओरडला.

"कोण न्हाय, मामा," दीक्षाचा आवाज लांबून आला. "आम्ही हितं टेबलापाशी हाय."

तो कसाबसा बाहेर सरपटला. हौदा रिकामा होता. केबिनही.

"बाळासो," त्यानं विचारलं, "पाटं कुठनं घेतली?"

"भंगारातनं. एक ॲक्सिडेंटची गाडी तोडली हुती. गाडीचा चुरा, पण पाट्यांना काय धाड भरलीया? झकास माल!"

आता खरं सांगायची वेळ होती. पण माणसाचं मन मोठं लबाड असतं. दादासो म्हणाला, "इंजिन धूर मारतंय. सोड ही."

दीक्षानं गाडी चालू केली, रेस केली, मागं जाऊन बघितलं. धुराचा पत्ता नाही. मग तो म्हणाला गियर आवाज करतोय, मग म्हणाला चेसिसला तडा आहे. बाळासो चिडला. "कुठं तडा? दाखवा की! धंद्यावर पाय देऊ नका, दादासो!"

दीक्षा त्याला बाजूला घेऊन गेली. तिला वाटलं, म्हातारा तिच्या जिवासाठी भितोय.

"मामा," ती हळू म्हणाली, "मी न्हाय तशी चालवायची. पुरी झोप झाल्याबिगर चावीला हात लावणार न्हाय. शपथ घेतो म्हणा." मग तिचा आवाज फुटला. "मला म्हाईत हाय मी काय केलंय ते. त्या रातीला पोरीला मी एकटीनं नेलं असतं, तर त्यास्नी झोप मिळाली असती. रोज आठवतंय मला. आत्ती बोलत्यात ते खोटं न्हाय."

बस्स. पोराचं येणं दादासोनं दोन वर्षं सोसलं होतं. हे मात्र त्याच्यानं सोसवेना. तो तिथंच खडीवर खाली बसला.

"त्याला डुलकी लागली न्हवती, पोरी."

"म्हंजे?"

"ती पाटं त्याच्या गाडीची हाईत. मी घातलेली. माझ्या हातचं अक्षर हाय खाली."

दीक्षाला कळेना. मग त्यानं एकेक करून सांगितलं. कंपनी गाडीला दीड टनाचे पाटे देते आणि दीड टनाचेच ब्रेक. जास्त माल भरला की गाडी मागून बसते. चालवणाऱ्याला कळतं की बाबा, आता पुरे. आपण काय करतो? पाटे वाढवतो. मग अडीच टन भरले तरी गाडी ताठ उभी. दिसायला काहीच नाही. पण ब्रेक तेवढेच राहतात. सपाटीला चालून जातं. उताराला ब्रेक तापतात, आणि मग पाय कितीही दाबा, गाडी ऐकत नाही.

"त्यानं ब्रेक दाबलंतं. उताराच्या वरच्या अंगाला टायरचं वळ हुतं, लांबच्या लांब; खाली ब्रेक ऐकंना झालं," दादासो म्हणाला. "झोपलेला मानूस ब्रेक दाबत न्हाय. मी बघिटलंतं ते. पंचनाम्याला मीच हुतो उभा."

"तुम्हाला हे आदीपासनं म्हाईत हुतं? ब्रेकचं?"

"तीस वर्सं. समद्यांच्याच गाड्यांला घालतोय आम्ही. कुणाला काय झालं न्हवतं."

"आणि मी?" ती एवढ्या जोरात ओरडली की बाळासो खुर्चीतून उठला. "माझं काय, मामा? दोन वर्सं मी त्यास्नी मारलं म्हणून जगतोय! तुमच्या डोळ्यांम्होरं! आत्ती मला ताटात वाढायच्या न्हाईत, आणि तुम्ही पलीकडं बसून जेवत हुता!"

दीक्षा आवाराच्या टोकापर्यंत गेली आणि हायवेकडं तोंड करून बराच वेळ उभी राहिली. परत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत होता. ती बाळासोकडं गेली.

"ती रंग उडालेली द्या. कंपनीच्या पाट्याची. खताच्या दोन खेपा करीन मी. आणि ह्या पांढरीची जादा पाटं काढल्याबिगर ती कुणाला इकायची न्हाय. कारण ह्यांच्याकडनं ऐका."

दादासोनं बाळासोलाही सगळं सांगितलं. बाळासोनं पांढरीवरची किमतीची पाटी उतरवली. पाटे काढतो म्हणाला. तिनं विसार दिला. या वेळी दादासोला "घे" की "सोड" कुणी विचारलं नाही.

परतीच्या एसटीत ती पुढच्या सीटवर एकटी बसली. कोडोलीत घराच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली.

"तुम्ही जावा आदी. आत्तींना तुम्ही सांगायचं. मी एक शब्द बोलणार न्हाय. सांगून झाल्याबिगर मी आत येत न्हाय."

पारूबाई भुईवर बसून शेंगा फोडत होती. "घेतली का गाडी?" तिनं मान वर न करता विचारलं.

दादासोनं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. पाट्यांचं, ब्रेकचं, टायरच्या वळांचं. सुरुवातीला पारूबाईच्या हातातल्या शेंगा फुटत होत्या, मग थांबल्या. उतरतीचं ऊन दारातून आत आलं होतं आणि बाहेर दीक्षा उभी असल्याची सावली भुईवर पडली होती. त्याचं बोलून संपलं. पारूबाईनं एकच विचारलं.

"त्याला म्हाईत हुतं? ब्रेकचं?"

आता लपवायला काही उरलंच नव्हतं.

"न्हाय. मी सांगिटलं न्हाय. तो म्हणला, अण्णा, तुम्ही घातल्यात म्हंजे मला बघायचं कारण न्हाय."

पारूबाई उठली. पदरातली टरफलं भुईवर सांडली, तिनं बघितलंही नाही. नवऱ्याच्या अंगावरून, त्याला धक्का न लावता, ती दाराकडं गेली. तिथं क्षणभर चौकटीला धरून उभी राहिली. ओठ हलत होते, पण दोन वर्षं न घेतलेलं नाव तोंडात येईना.

"दीक्षा," ती अखेर म्हणाली, "ये गं बाई माझी, आत ये." आणि सुनेच्या गळ्यात पडून तिनं जो हंबरडा फोडला, तो अख्ख्या गल्लीनं ऐकला.

दोघी तशाच एकमेकींना धरून आतल्या खोलीत गेल्या. दादासो भिंतीपाशी उभाच होता. त्याला कुणी बस म्हणालं नाही.