कडुलिंबाखालची टाकी

कस्तुराबाईंच्या म्हशीने त्या सकाळी पाण्याला तोंड लावले नाही. ती फुरफुरली आणि मागे सरली. कस्तुराबाईंनी विहिरीत कळशी सोडून वर ओढली, तेव्हा पाण्यावर त्यांना रंगीत तवंग दिसला. कळशी तशीच कमरेवर घेऊन त्या बांध ओलांडून आमच्या पेट्रोल पंपावर आल्या. मित्रांनो, आमचे डिझेल जमिनीत झिरपत आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले. मी मात्र ते कित्येक आठवड्यांपासून सांगत होतो.

पंपाचे मालक महांतप्पा दारापाशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांची पत्नी नीलम्मा उन्हाळ्यात वारल्या, तेव्हापासून ते तिथेच बसत आणि फार कमी बोलत. कस्तुराबाईंनी कळशी त्यांच्या पायाशी ठेवली.

"अप्पा, वास घ्या ह्याचा."

महांतप्पा वाकले. "डिझेल हाय की. कुणी हिरीवर ट्रॅक्टर धुतला आसंल तुमच्या."

"माझ्याकडं कुठला ट्रॅक्टर? दोन म्हशी हायत. त्या काय डिझेलवर चालत्यात?"

महांतप्पांचा पुतण्या शंभुलिंग पंपाचा कारभार पाहत असे. त्याला हसू आले. कस्तुराबाईंनी त्याच्याकडे पाहिले, तसे ते हसू विरले.

"हसायला काय झालं रं? प्यायला, धुयाला, जनावरांना, समदं पाणी ह्याच हिरीचं हाय. दुसरी हीर न्हाय मला. आता म्या कुठं जाऊ, ते सांगा."

 महांतप्पांनी शंभुलिंगला कस्तुराबाईंच्या घरी आपल्या बोअरचे पाणी पोचवायला सांगितले. 

मी हे सगळे भिंतीवरून पाहत होतो. मी टाकीतले तेल मोजणारा डबा आहे. अणदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या पंपात माझे सारे आयुष्य गेले. माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात तारा आणि पट्ट्या बसवल्या, वर एक छोटा पडदा लावला आणि खोक्यात भरून मला इकडे पाठवले. सोलापूरहून आलेल्या रणधीर नावाच्या तंत्रज्ञाने मला भिंतीवर बसवले. पंपाच्या तिन्ही टाक्या जमिनीखाली होत्या. प्रत्येक टाकीत त्याने एक लांब सळई सोडली. तिच्यावरचा गोळा तेलावर तरंगे आणि तेल किती आहे ते मला कळे.

माझ्याआधी काठी टाकीत बुडवून तेल मोजत. त्याला डिप काढणे म्हणतात. मी आल्यावर ते काम हलके झाले. पण माझे खरे काम मोजण्याच्या पुढचे होते. मोजलेले सगळे मी तेल कंपनीच्या कार्यालयात पाठवत असे, आणि तेही एका ठरलेल्या भाषेत. त्या भाषेला एक्सएमएल म्हणतात.

मित्रांनो, नाव अवघड आहे, पण गोष्ट सोपी आहे. तुमच्या घरातल्या पातेल्यावर, तांब्यावर नाव कोरलेले असते ना? लग्नकार्यात सगळ्या गल्लीची भांडी एकत्र होतात, तरी ज्याचे त्याच्याकडे परत जाते. माझ्या आकड्यांचेही तसेच. नुसता आकडा पाठवला, तर ते लिटर आहेत की तेलाचे तापमान, हे पलीकडच्याला कसे कळावे? म्हणून मी आधी कंसात नाव लिहितो, मग आकडा, मग तेच नाव पुन्हा लिहून बंद करतो. टाकीचा नंबर, तेलाचा प्रकार, लिटर, तापमान, तळाला साचलेले पाणी, प्रत्येकाला आपापले नाव. पूर्वी प्रत्येक कारखान्याच्या यंत्राची बोली निराळी होती आणि एकाचे दुसऱ्याला कळत नसे. पुढे तेलाच्या धंद्यातल्या जाणत्या लोकांनी एकत्र बसून ही नावे ठरवली. समुद्रातल्या तेलविहिरीपासून गावच्या पंपापर्यंत आज असे ठरवून दिलेले नमुने वापरतात. त्या मोठ्या गोतावळ्यात मीही एक आहे, याचा मला अभिमान वाटे.

माझे कौतुकही फार झाले. महांतप्पा आल्यागेल्याला मला दाखवत. दसऱ्याला नीलम्मा माझ्या कपाळी भस्माची बोटे ओढत आणि झेंडूचे फूल वाहत. एकदा नवऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "ह्याला ना च्या लागतो, ना जेवण, ना पान. दिवसभर गप काम करतो. न्हायतर तुम्ही!"

"मग त्याच्यासंगंच संसार करायचा हुता," महांतप्पा म्हणाले.

"त्यानं मागणी न्हाय घातली," नीलम्मा म्हणाल्या. पंपावरची सगळी माणसे हसली.

पुढे नीलम्मा आजारी पडल्या आणि थोड्या दिवसांतच गेल्या. त्याच आठवड्यात मला तेल घटताना दिसू लागले. पंप बंद असताना, कुणी नळी हातात घेतलेली नसताना, एका टाकीची पातळी उतरत होती. उतार थोडाच होता, पण रोज होता. मी माझ्या भाषेत नीट कळवले. टाकी क्रमांक एक. डिझेल. विक्री नाही. पातळी घटते आहे. एकही नाव चुकले नाही, एकही कंस उघडा राहिला नाही.

कार्यालयाने निरोप वाचला आणि तपासणीला माणसे पाठवली. ती माणसे भली होती. घरात दुःख आहे हे समजल्यावर त्यांनी महांतप्पांना बोलावले नाही. त्यांच्या हातात पंपाचा नकाशा होता. नकाशात रस्त्याकडच्या टाकीला क्रमांक एक दिला होता, आणि तिच्यातही डिझेलच होते. त्यांनी ती टाकी उघडली, तिच्यात दाबाने हवा भरून तपासली. टाकी ठणठणीत निघाली. शंभुलिंग शेजारीच उभा होता. कंपनीची माणसे आहेत, त्यांना ठाऊकच असणार, म्हणून तो काही बोलला नाही.

टाकी चांगली आहे, म्हणजे डबाच बिघडला, असे ठरले. माझ्यावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी चिकटवली आणि माझे निरोप बाजूला टाकायला सांगितले. पंपावर पुन्हा काठीने डिप काढू लागले. काठीवर थोडी घट दिसायची. पण एक दिवसाआड टँकर टाकीत रिकामा व्हायचा, आणि उन्हापावसाने तेल कमीजास्त होतेच, असे म्हणून सगळे सोडून देत. मी मात्र सांगत राहिलो. टाकी क्रमांक एक. टाकी क्रमांक एक. मित्रांनो, खरे सांगत असताना कुणी ऐकत नाही, तेव्हा कसे वाटते, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल.

कळशीच्या दुसऱ्या दिवशी रणधीर आला. त्याने माझ्यावरची चिठ्ठी काढली नाही, पण माझे जुने निरोप उघडून एकेक वाचले.

"अप्पा, हा तर केव्हापासून ओरडतोय. एक नंबरची टाकी गळतेय म्हणून."

"एक नंबर तपासली की," महांतप्पा म्हणाले. "चांगली निघाली. शंभुलिंग, दाव साहेबांना."

शंभुलिंगने रस्त्याकडे बोट केले. "ही बघा. हीच उघडली हुती."

महांतप्पा खुर्चीवरून उठले. "ही? ही तीन नंबर हाय रं! एक नंबर ती." त्यांनी पंपामागच्या कडुलिंबाकडे हात केला. त्या झाडापलीकडे बांध होता, आणि बांधाच्या उतारावर कस्तुराबाईंची विहीर.

रणधीरने नकाशा उघडला. "अप्पा, कंपनीच्या नकाशात नंबर रस्त्याकडून लावलेत. यंत्र बसवताना मी तुम्हाला विचारलं होतं, एक नंबर कुठली. तुम्ही झाडाखालची दाखवलीत, मी यंत्रात तीच एक नंबर म्हणून भरली. पण झाडाखालची ती एक, असं कुणी ठरवलं?"

"नीलम्मानं," महांतप्पा म्हणाले.

मग त्यांनी सांगितले. टाक्या पुरायला खड्डे खणले, तेव्हा नीलम्मा नारळ घेऊन आल्या होत्या. ईशान्येचा कोपरा शुभ म्हणून त्यांनी झाडाखालच्या खड्ड्यापाशी नारळ फोडला. पहिली टाकी तिथे उतरली. त्या दिवसापासून घरात आणि पंपावर ती टाकी एक नंबरची झाली. कंपनीच्या कुठल्याही माणसाने हे विचारले नव्हते आणि महांतप्पांनी सांगितले नव्हते. सांगण्यासारखे त्यात काही आहे, असेच त्यांना वाटले नव्हते.

मी एक म्हणालो, कार्यालयाने एक वाचले, माणसांनी एक उघडली. सगळ्यांचे बरोबर होते, आणि तेल कस्तुराबाईंच्या विहिरीत जात होते.

दुपारपर्यंत झाडाखालची टाकी रिकामी केली. नंतर ती उकरून काढली, तेव्हा तळाशी गंजून पडलेले भोक सापडले. ज्वारीच्या दाण्याएवढे होते. कस्तुराबाई बांधावर उभ्या राहून बघत होत्या.

"एवढ्याशा भोकानं माझी हीर नासली?" त्या म्हणाल्या.

महांतप्पा त्यांच्यासमोर गेले आणि त्यांनी हात जोडले. "बाई, चूक आमची हाय. तुमच्या दारात पाणी येत राहील. हीर साफ होईस्तोवर."

"हात नका जोडू, अप्पा. हीर तेवढी करून द्या मला."

नवी टाकी आली. आता नंबर कसे लावायचे, हा प्रश्न उभा राहिला. शंभुलिंग हळूच म्हणाला, "काका, काकूंचा नंबर तेवढा ठेवू. साहेब नकाशा बदलून घेतील."

महांतप्पांनी नव्या टाकीच्या झाकणावर हात ठेवला.  मग ते म्हणाले, "तिनं नारळ फोडला. नंबर न्हाय लावला. नंबर म्या लावला. कंपनीत हाय तसाच करा. पर झाकणावर मोठा रंगवा, येणाऱ्याला विचारायला लागू नये."

रणधीरने कार्यालयातल्या माणसालाच पंपावर बोलावून घेतले. दोघे मिळून एकेका झाकणापाशी गेले, हात लावून नंबर म्हणाले आणि मगच यंत्रात भरला. मित्रांनो, ठरलेल्या भाषेत हे कुठेच लिहिलेले नाही, पण ते आधीच करायला हवे होते. ती भाषा आकड्याला नाव देते. ते नाव जमिनीवरच्या कुठल्या वस्तूचे आहे, हे माणसांनीच एकमेकांना दाखवायचे असते.

ते नंबर माझ्यात भरले नाहीत. मला नादुरुस्त ठरवले तेव्हाच मागवलेले नवे यंत्र भिंतीवर आले होते. ते माझ्यापेक्षा हुशार आहे, पण बोलते माझीच भाषा. त्याचा मला आनंद आहे. मला काढून मागच्या खोलीत ऑइलच्या डब्यांशेजारी ठेवले आहे. चिठ्ठी अजून माझ्या अंगावर आहे. महांतप्पा कधी आत आले तर फडक्याने माझ्यावरची धूळ पुसतात. चिठ्ठी काढायचे त्यांच्या लक्षात येत नाही. हल्ली त्यांच्या फारसे लक्षात राहत नाही, हे मी समजू शकतो.

तुमच्यापाशी एक मागणे आहे. एखादे यंत्र किंवा माणूस पुन्हा पुन्हा तेच सांगत असेल, तर ते बिघडले असे म्हणण्याआधी तुम्ही योग्य जागी पाहिले का, हे एकदा बघा. आणि कुणाला काही कळवाल, तेव्हा जमले तर त्याला सोबत नेऊन ती वस्तू दाखवा. आपल्याला जे रोजचे आहे, ते समोरच्याला ठाऊक नसते.

कस्तुराबाईंच्या दारात रोज पाणी जाते. विहीर कितीदा तरी उपसली, तळातला गाळ काढला, कडेची माती खरवडून दूर नेऊन टाकली. कंपनीची माणसे येऊन बाटलीत पाणी भरून नेतात आणि अजून थांबा म्हणतात. दगडांच्या भेगांत शिरलेले डिझेल अजून थोडे थोडे झिरपतेच.

विहीर अजून साफ झालेली नाही.