कळपाच्या आधी

"आदी तुमी घ्या की घोटभर, मंग ह्ये घेतील," सुंदरा डॉक्टरांना म्हणाली.

डॉक्टरांच्या हातांत रबरी मोजे होते. शिशाच्या जाड डब्यातली बाटली त्यांनी लांब चिमट्याने उचलली आणि पेल्यात ओतली. पाण्यासारखंच पाणी. ना रंग, ना वास.

"ज्येला हात लावाया भ्या वाटतं, ते आमच्या मानसाच्या प्वाटात घालताय व्हय?"

"मी रोज हाताळतो बाई, म्हणून जपतो. हे एकदाच घेणार."

सुंदराचा नवरा धुळा बाकावर बसला होता. भरे गावचा हा धनगर. गळ्याला डावीकडे लिंबाएवढी गाठ. गावात कीर्तन असलं की मेंढरं कोंडून तो टाळ घेऊन बुवांच्या मागे उभा राहायचा. बुवांनी चरण सोडावं आणि धुळाने ध्रुपद उचलावं. देवळाबाहेर चपलांपाशी बसलेल्या म्हाताऱ्याही माना डोलवायच्या. हा आवाज देवाचा, आपण नुसता सांभाळतोय, असं तो वीस वर्षं मानत आला होता. गाठ आली आणि आवाज घोगरा झाला.

"हे किरणं सोडणारं औषध गळ्यात साचतं," डॉक्टर म्हणाले. "उद्या गळ्यावर यंत्र फिरवलं की चांगल्या भागावर ते टकटक करील, दुखण्यावर गप्प राहील. दुखणं कुठवर पसरलंय ते कळलं तर तेवढंच कापू, आवाज वाचेल. नाहीतर अंदाजाने कापावं लागतं."

"कळंलच, ह्ये नक्की?" धुळाने विचारलं.

"नाही. रीत नवी आहे. अजून पारखतोय."

"आमच्यावर?"

"हो. खोटं कशाला बोलू?"

धुळा हसला. "नव्या रानात आमी आदी एक म्हातारी मेंढी सोडतो. ती सांजपतोर उभी राह्यली तर मंग कळप. म्या ती म्हातारी म्हना की!"

आणि तो प्यायला.

पण दवाखान्याच्या अंगणातल्या नळापाशी येताच सुंदराने भाकरीच्या फडक्यातून मिठाची पुडी काढली. तांब्यात कालवलं. "घ्या. घशात बोटं घाला."

धुळा नाही म्हणाला नाही. हसला होता खरा, पण शंका त्यालाही होती. उंबराच्या बुडाशी त्याने सगळं ओकून टाकलं.

दुसऱ्या दिवशी यंत्राचं तोंड त्याच्या गळ्यावरून इंचाइंचाने सरकलं. कुठेतरी एखादी टक, बाकी सामसूम. डॉक्टर चक्रावले.

"काल सगळं प्यायलात ना?"

"व्हय तर!" सुंदरा घाईने म्हणाली.

"मग औषधातच काही चूक. बाहेरच्यांना परत पाठवतो."

बाहेर बाकावर चौघं बसली होती, गळ्याला फडकी गुंडाळून. धुळाने दारातून त्यांच्याकडे पाहिलं.

"थांबा सायब. औषदाची चूक न्हाई. उंबराच्या बुडाशी वकून टाकलंय म्या."

"मीच मिठाचं पानी पाजलं," सुंदरा पदराशी बोलली. "मला इख वाटलं."

कुणाचा तिथे पाय पडू नये म्हणून डॉक्टरांनी आधी उंबरापाशी माणूस धाडला. मग म्हणाले, "परत घ्यावं लागेल. एकदाच म्हणालो होतो मी. नको असेल तर नको."

"म्हातारीनं चरल्यालं वकून टाकलं, तर कळपाला कसं उमगायचं?" धुळा म्हणाला. "द्या."

पंधरा दिवसांनी मुंबईहून नवी बाटली आली. सुंदराने पेला स्वतः हातात घेतला, हुंगला, नवऱ्याला दिला. मग फडक्यातली मिठाची पुडी काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

या खेपेला यंत्र बोललं. उजवीकडे अशी दाट टकटक, की धुळाची बोटं आपसूक फळीवर ठेका धरू लागली. यंत्र डावीकडे सरकलं. गाठीवर आलं आणि गप्प झालं. बोटं थबकली. वर जबड्यापर्यंत गप्प. खाली हाडापर्यंत गप्प. आता सुरू होईल, मग सुरू होईल, म्हणून बोटं अधांतरी वाट पाहत राहिली.

"तुमची पारख झाली न्हवं, सायब?"

"झाली," डॉक्टर म्हणाले. मान वर केली नाही.

सुंदरा दारात होती. "काय म्हनलं यंत्र?"

"समदं नीट सांगितलं." त्याने पागोटं डोक्यावर ठेवलं. "बुवास्नी निरोप दे. ध्रुपदाला दुसरा गडी बघा म्हनावं. टाळ म्या धरीन."

बाकावरची पहिली बाई उठायला बिचकत होती. धुळा तिच्यासमोर थांबला.

"जा बये. पान्यावानी पानी हाय," तो म्हणाला. "बघ, म्या उभा हाय."