काळं आधी, खोल नंतर

कुमासी शहरातल्या सुआमेच्या गॅरेज-वस्तीत डुफीचं लेझरनं कोरायचं दुकान होतं. इंजिनाच्या भागावर नंबर टाकायचा तर ती एका दमात खोल कोरून मोकळी व्हायची. थडग्याच्या पाटीला मात्र नियम वेगळा. पहिल्या दिवशी किरण हलका ठेवून स्टील नुसतं तापवायचं. अक्षरं काळी उमटतात, खाच पडत नाही. सगळं घराणं बघून गेलं, की मग खोल कोरायचं. इंजिनाला मावश्या नसतात, माणसाला असतात, एवढं ती नऊ वर्षांत शिकली होती.

शुक्रवारी दुपारी अम्पोन्सेम आईची काळी उमटलेली पाटी खोल कोरून न्यायला आला. अंत्यविधी दुसऱ्या दिवशी होता. त्याच्या मागोमाग काठी टेकत आईची थोरली बहीण आली, कोनादू आजी.

"वय एकशे दोन?" आजीनं पाटी डोळ्यांजवळ धरली. "कोण एकशे दोन?"

"मावशी, सगळेच वाढवून लिहितात. मोठं वय, मोठा मान. पोस्टरंही लागलीत गावभर."

"ती माझ्यामागून दोन वर्षांनी झाली. मग मी किती?"

अम्पोन्सेम फोन बघू लागला.

"एकशे चार," डुफी म्हणाली. तिला राहवलं नाही.

"ऐक! धाकटीला पुरून एकशे चारची म्हातारी ताठ उभी! उद्या रडायला आलेल्या बायकाच म्हणतील, चेटकीण आहे, बहिणीचं आयुष्य खाल्लं हिनं. मान तुला मिळेल रे, दगड माझ्या दारावर पडतील. गेल्या साली आमच्या गल्लीतून जिला हाकललं, ती तर नव्वदचीच होती."

डुफीच्या ओठांवरचं हसू गेलं.

"पण पोस्टरवर एकशे दोन आणि थडग्यावर खरं चौऱ्याऐंशी? लोक हसतील मला."

"हसू देत. पोस्टर बकऱ्या खातील. स्टील खातील का?"

अम्पोन्सेम डुफीकडे वळला. "ताई, पैसे मी दिलेत. तू कोर."

पैसे मुलाचे, पण मढं आईच्या घराण्याचं, हे कुमासीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि त्या घराण्यातली सगळ्यात थोरली बाई समोर काठी आपटत होती. डुफीनं पाटी पॉलिशच्या चाकाला लावली. एकशे दोन वर्षं दोन मिनिटांत गेली.

मग तिनं चौऱ्याऐंशी कोरले. किरण त्याच रेघांवरून पुन्हापुन्हा फिरला, जळक्या धातूचा वास सुटला. पाटी निवल्यावर आजीनं आकड्यातून नख फिरवलं. नख अडकलं.

"हे पुसेल?"

"नाही पुसत, आजी."

आजीनं काठी पुढे केली. मुठीखाली पितळेचं कडं होतं. "मग यावर माझं जन्मसाल घाल. अक्र्याला भूकंप झाला ते, एकोणीसशे एकोणचाळीस. आधी काळंबिळं नको. एकदम खोल."

डुफीनं अम्पोन्सेमकडे पाहिलं. त्यानं फोन खिशात टाकला आणि काठी हलू नये म्हणून दुसरं टोक धरून उभा राहिला.