चालू इंजिनावर काढलेली तार

विलास साळवेची मोटारसायकल एका वर्षात चौथ्यांदा बॅटरी उतरून घणसोली गावातल्या रावसाहेबांच्या गॅरेजपुढे ढकलत आणावी लागली, तेव्हा रावसाहेबांकडे सांगायला नवं कारण उरलं नव्हतं. मोबाईलचा चार्जर काढायला लावून झाला होता. हॉर्न कमी वाजवा, असंही सांगून झालं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय? गाडी वीस वर्षांची, पण इंजिन ठणठणीत. बॅटरीकडे जाणारा करंट आवरणारा रेग्युलेटर तेवढा जळायचा. रावसाहेब नवा बसवायचे, आणि तोही कधी आठ दिवसांत तर कधी चार महिन्यांत मान टाकायचा.

"या वेळी मीटर लावून दाखवा, रावसाहेब," विलास स्टुलावर बसत म्हणाला. "मी हलत नाय इथून."

मीटर ड्रॉवरमध्ये होतं, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही न निघालेलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीने, क्रांतीने आणलेलं. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन ती बापाच्या गॅरेजात काम करू लागली होती, आणि हात चांगला होता तिचा.

रावसाहेबांनी चार्ज केलेली बॅटरी आणि नवा रेग्युलेटर बसवला, मीटरच्या तारा बॅटरीला लावल्या. बंद गाडीवर साडेबारा व्होल्ट. किक मारून रेस दिली, तर चौदाच्या वर. बॅटरीला करंट मिळत होता. विलास उठणारच होता.

एवढ्यावर थांबावं की नाही माणसाने? पण रावसाहेबांची खात्री मीटरने व्हायची नव्हती. त्यांच्या उस्तादाने जुन्या डायनामोच्या गाड्यांवर शिकवलेली रीत त्यांच्या हातात होती: इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढायची. गाडी बंद पडली नाही, तर चार्जिंग बरोबर. दर वेळेसारखी त्यांनी तार काढली. इंजिन चालूच राहिलं, पण हेडलाइट एकदम पांढराफटक झाला आणि गेला. तार परत लावली. मीटर बारावर आलं, आणि कितीही रेस दिली तरी वर चढेना.

"आत्ता तर चौदा होतं," विलास म्हणाला. "तार कशाला काढली तुमी?"

तारेबद्दल रावसाहेबांनी हे आधीही ऐकलं होतं. "आप्पा, चालू इंजिनावर तार काढू नका, रेग्युलेटर जळतो, आज नाय तर चार दिवसांनी," असं क्रांती याच जागी म्हणाली होती. तेव्हा चार गिऱ्हाइकं बसलेली. रावसाहेब हसून म्हणाले होते, "सर्टिफिकेट घरी भिंतीला लाव, पोरी. पस्तीस वर्षं झाली मला. हातच्या कांकणाला आरसा लागत नसतो." गिऱ्हाइकं खो खो हसली. क्रांतीने पाना खाली ठेवला, हात पुसले आणि ती गेली. परत कधी आली नाही. पुढे महाप्याच्या एका ऑफिसात टायपिंगला लागली, लग्न होऊन करंजाड्याला गेली. पोरगी हट्टी आहे, बापावर डूख धरून बसलीय, असं रावसाहेब सगळ्यांना सांगत राहिले. तेवढंच मनाला बरं वाटायचं.

त्यांनी आणखी एक रेग्युलेटर आणून बसवला, तारेला हात लावला नाही. "चूक माझी हाय, विलासराव. चारी वेळेची," ते म्हणाले. परक्या माणसाला हे सांगणं सोपं गेलं.

रविवारी ते करंजाड्याला गेले. क्रांती ओट्याशी भेंडी चिरत होती. चारदा घसा खाकरून झाल्यावर रावसाहेबांनी सगळं सांगितलं, तिचे शब्द खरे निघाले इथपर्यंत. मग म्हणाले, "तुझा राग रास्त होता. आता सोड आन् दुकानात ये. माझी नजर बी कमी झालीय."

"राग?" क्रांतीने सुरी थांबवली. "आप्पा, मी कुठं रागावले होते?"

"मग गेलीस कशाला?"

"तुमी एवढे जुने मेकॅनिक. तुमी हसलात, म्हणजे माझंच चुकलं असणार, असं वाटलं मला." ती अगदी साधेपणाने बोलत होती. "त्याच आठवड्यात तळोज्याच्या कंपनीतून अप्रेंटिसशिपला बोलावलं होतं. मी गेलेच नाय. म्हटलं, आपल्याला काय येत नाय, उगाच तिथं जाऊन हसं कशाला करून घ्यायचं."

ती रागावलेली असती तर रावसाहेबांनी पाय धरले असते तिचे. त्याची तयारी करूनच ते आले होते. पण तिने त्यांच्यावर विश्वास ठेवला होता, आणि त्याची माफी कशी मागतात हे त्यांना माहीत नव्हतं.

"तुझं बरोबर होतं, क्रांती," ते पुन्हा म्हणाले.

"हो का," ती म्हणाली, आणि उरलेली भेंडी चिरू लागली. "आता मला त्यातलं काय आठवत पण नाय, आप्पा. जेवूनच जा."